तंबू कोण राखणार?



थंडी पडू लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. पापड-लोणची मागे पडतात आणि सहलीचे प्रश्न सुरू होतात. दशम्या किती दिवस टिकतील? चटणी ओली न्यावी की कोरडी? रात्री तंबूत गारठा वाटला तर आत स्टोव्ह पेटवून ठेवला तर चालेल का? (मुळीच नाही हं! बंद तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह म्हणजे जिवाशी खेळ. त्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.) मी आपली जमतील तशी उत्तरे देते. पण एक प्रश्न इतक्या वर्षांत एकीनेही विचारलेला नाही. मुक्कामी पोचल्यावर सगळी मंडळी डोंगर चढायला, धबधबा बघायला निघून जातात, तेव्हा सामानापाशी कोण बसते?

विचारणार कशाला? उत्तर आपल्याला ठाऊकच असते. हो की नाही?

आज त्याच प्रश्नाची हकिगत सांगते. घडली ती साता समुद्रांपलीकडे, पण तंबू, शेगडी, सासू आणि सून यांना कुठला आला आहे देश!

२०२२ सालच्या दिवाळीला मी मुलाकडे अमेरिकेत होते, लॉस एंजेलिसजवळ. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला आले. भाऊबीज आटोपली आणि शुक्रवारी दुपारी तंबू, झोपायच्या पिशव्या, चिवड्याचा डबा, तीन वर्षांचा नातू आणि मी, असे सगळे गाडीत कोंबून आम्ही समुद्राच्या कडेकडेने निघालो. गाडीच्या पाठीमागे लोखंडी पट्ट्यांवर दोन सायकली बांधल्या होत्या. एक मुलाची, एक सुनेची.

मालिबू मागे पडले की डाव्या हाताला पॅसिफिक महासागर आणि उजव्या हाताला सांता मोनिकाचे डोंगर, असा तो रस्ता जातो. आमचा मुक्काम होता पॉइंट मुगू स्टेट पार्कमध्ये. ‘मुगू’ हे नाव तिथल्या मूळच्या चुमाश लोकांच्या भाषेतल्या ‘मुवू’ शब्दावरून पडले असे मानतात. त्याचा अर्थ समुद्रकिनारा. आमच्या नातवाला मात्र शेवटपर्यंत वाटत होते की आपण मुगाच्या गावाला आलो आहोत!

डोंगरातून समुद्राकडे येणाऱ्या ओढ्याने तिथे एक लांबच लांब घळ केली आहे. तिचे नाव बिग सिकॅमोर कॅन्यन. सिकॅमोर म्हणजे तिथली झाडे. पांढुरक्या, ठिगळे लावल्यासारख्या सालीची, हाताच्या पंजासारख्या पानांची. आपल्या काश्मीरचा चिनार आहे ना, त्याच्याच कुळातली. ऑक्टोबरअखेर त्यांची पाने पिवळी-तांबूस झालेली असतात आणि ओढा बहुतेक कोरडा. घळीच्या तोंडाशी तंबूंची जागा, आणि हमरस्त्यापलीकडे लगेच समुद्र. प्रत्येक तंबूला एक लाकडी टेबल, बाक आणि विस्तवासाठी लोखंडी कडे. रानातली काटकी उचलून जाळायची नाही, सरपण विकत आणायचे. मला आधी हा कंजूषपणा वाटला. पण २०१३ च्या मे महिन्यात ‘स्प्रिंग्ज’ नावाने ओळखला जाणारा वणवा याच डोंगरांतून समुद्रापर्यंत आला होता आणि २४ हजार एकर रान जळाले होते, हे ऐकल्यावर मी आमच्या विस्तवावर निजताना दोन बादल्या पाणी ओतले. आणखी एक. रात्री खाण्याची एकही वस्तू बाहेर ठेवायची नाही. रॅकून नावाचा मांजरापेक्षा थोराड, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला प्राणी येतो आणि हातांनी डबे उघडतो. आमच्या शेजाऱ्यांची पावाची लादी त्याने अशी सोलून खाल्ली की काय सांगू!

रात्री विस्तवाभोवती चकल्या खात बसलो होतो. मुलगा सायकलींचे पुराण सांगू लागला. डोंगरात चालवायची ही जाड चाकांची सायकल जन्मली तीही कॅलिफोर्नियातच, पण बरीच उत्तरेला, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन भागात. तिथली काही तरुण मंडळी १९३०-४० च्या काळातल्या जुन्या, जाडजूड टायरच्या सायकली भंगारातून आणून डोंगरउतारावरून सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. त्या सायकलींना ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. पेडल उलटे दाबले की लागायचा. उतार संपेपर्यंत तो इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा, आणि दर खेपेला तुंबा खोलून नवे ग्रीस भरावे लागायचे. म्हणून त्या उताराचे नावच पडले ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी म्हणून सायकल बांधली.

“आणि त्या शर्यतींचे फोटो कुणी काढले, तेही सांग ना,” सून मधेच म्हणाली. “वेंडी क्रॅग. ती नुसते फोटो काढत नव्हती, स्वतः त्या उतारावरून सायकल घालायची. त्या घोळक्यात बाई म्हणावी अशी जवळजवळ तीच एकटी.” मग तिने जॅकी फीलन या बाईची गोष्ट सांगितली. ती १९८० च्या दशकात अमेरिकेतली अव्वल डोंगरी सायकलपटू होती, आणि तिने बायकांसाठी एक मंडळ काढले. नाव काय, तर ‘विमेन्स माउंटन बाइक अँड टी सोसायटी’. डोंगरी सायकल आणि चहा! शर्यत नाही, चढाओढ नाही. बायकांनी बायकांना शिकवायचे आणि मग चहा प्यायचा. सांगताना सुनेचा आवाज नेहमीपेक्षा निराळाच लागला होता. मला तेव्हाच कळायला हवे होते.

शनिवारी सकाळी मुलगा आणि शेजारच्या तंबूतले त्याचे मित्र फेरीला गेले. ही फेरी अशी आहे. मुक्कामाच्या टोकाच्या फाटकातून आत शिरायचे आणि घळीच्या तळातून, रुंद मातीच्या रस्त्याने तीनेक मैल जवळजवळ सपाटीवर जायचे. मग डाव्या हाताला वूड कॅन्यन व्हिस्टा नावाची पायवाट फुटते. ती वळणे घेत पावणेदोन मैल चढते आणि डोंगराच्या धारेवरच्या ‘ओव्हरलुक’ या मातीच्या रस्त्याला मिळते. तिथून समुद्राकडे तोंड करून धारेधारेने परत खाली, मुक्कामाशी. सगळे मिळून दहाएक मैल, म्हणजे सोळा किलोमीटर, आणि चढण सुमारे हजार फुटांची. घळीच्या पूर्वेला बोनी डोंगर आहे, पण ते राखीव रान. तिथे सायकलीला मज्जाव, पायी जावे.

मुलगा अकराला परतला. घामाघूम, धुळीने माखलेला, आणि असा खूश की त्याला दहावीच्या निकालाला पाहिले होते तसा. आल्या आल्या म्हणाला, “वा! काय वास सुटलाय!”

वास पिठल्याचा होता. ते सुनेने केले होते. त्याआधी तिने नातवाला शी-शू, दूध, अंघोळ, आणि तीन वेळा समुद्रावर नेऊन आणणे, एवढे उरकले होते. मी भाकऱ्या थापत होते. तिची सायकल गाडीवरून खालीसुद्धा उतरवलेली नव्हती. डबा काढायला गेले तेव्हा माझे लक्ष तिच्या चाकांकडे गेले. नव्या टायरला रबराचे केसांसारखे बारीक तंतू असतात बघा, ते सगळेच्या सगळे शाबूत! आणि सायकल घेऊन झाली होती दोन वर्षे.

मला मुलाचा असा राग आला! आता याला चांगला फैलावर घ्यावा म्हणून तोंड उघडले, आणि तशीच गप्प झाले. कारण सकाळचे आठवले. सकाळी त्याने तिला विचारले होते, “येतेस का गं?” तिने तोंड उघडायच्या आत उत्तर दिले होते ते मी. “ती कशाला? पोर उठून रडेल. आणि जेवणाचं काय?”

मी हे बोलले, मैत्रिणींनो. तुम्हाला दर आठवड्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारी मी.

माझी स्वतःची गोष्ट तर याहून गंमतीची. मी मिरजेची. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या पुरुषी सायकलच्या दांड्याखालून पाय घालून, गुडघे फोडून शिकले. पुढे वडिलांनी लेडीज सायकल घेऊन दिली आणि मी चार वर्षे मिरजेहून विश्रामबागला कॉलेजला तिच्यावर गेले. पावसातही, एका हातात छत्री धरून! १९८४ साली लग्न झाले. सायकल सासरी आली. पहिले काही महिने ती जिन्याखाली होती, मग धाकटे दीर नेऊ लागले, मग ती त्यांचीच झाली. कुणी मला मनाई केली होती का? आठवून पाहते, तर नाही. सासूबाई तशा प्रेमळच होत्या. कुणी “नको” म्हणाले नाही. फक्त कुणी “जा” म्हणाले नाही, आणि मीही विचारले नाही. असे होते ना?

जेवणे झाल्यावर मी सांगून टाकले, “आज दुपारी मी आणि ही जाणार. तू तंबू राख.”

“आई, तू?” मुलगा म्हणाला.

“मी सपाटीपुरती. ही पूर्ण फेरी मारेल.”

“जा की! मी कुठे नको म्हणतोय?”

ऐकलेत? हेच ते वाक्य.

सून काही आनंदाने उडी मारून उठली नाही बरं का. “आई, राहू दे ना. हा झोपून उठला की मला शोधेल,” म्हणाली. मी म्हटले, “शोधेल, रडेल आणि गप्प बसेल. याचा बापही असाच रडायचा.” तरी तिने संध्याकाळच्या खिचडीचे डाळ-तांदूळ मोजून, धुऊन ठेवले. मीठ किती घालायचे ते नवऱ्याला दोनदा सांगितले. तेव्हा कुठे सायकल खाली उतरली.

मला शेजारच्या तंबूतल्या तेलुगू बाईंनी आपली सायकल दिली. आता तुमच्यापैकी कुणाला मुलांकडे गेल्यावर असा योग आला, तर थोडे लक्षात ठेवा. साडी नकोच, पण सलवारही नको. पायघोळ साखळीत गेला की पडलातच. ओढणी घरी ठेवावी. मी सुनेची पायाला घट्ट बसणारी विजार घातली आणि कुणीही हसले नाही. सीट इतकी वर हवी की पेडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा. आपल्याला वाटते, सीट खाली असली की धीर येतो. पण त्याने गुडघे भरून येतात. टायरमध्ये हवा आपल्या सायकलीपेक्षा कमी, पंचवीस-तीस पौंडच. जाड टायर थोडा मऊ असला की खडीला धरून चालतो. गिअर चढण लागायच्या आधी हलका करावा, पाय अडल्यावर नाही. उतारावर दोन्ही पेडले सारख्या उंचीवर धरून, सीटवरून किंचित उठून, नजर लांब ठेवावी. दगडाकडे बघत राहिले की सायकल नेमकी त्या दगडावरच जाते. डोक्याला शिरस्त्राण हवेच. तिथे अठराखालच्या मुलांना ते कायद्यानेच सक्तीचे आहे, आपण अठराचे नसलो तरी डोके आपलेच असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, जे मला कुणी सांगितले नाही. अमेरिकेत पुढच्या चाकाचा ब्रेक डाव्या हाताला असतो. आपल्याकडे बहुधा उजव्या. मी अर्ध्या मैलावर, कोरड्या ओढ्याच्या वाळूत उतरताना सवयीने डावा दाबला, मागचा समजून. सायकल जागच्या जागी थांबली, मी मात्र पुढे गेले! कोपर खरचटले, हाताला मुरगळ बसली. सून धावत आली. मी वाळूत बसून हसत होते. किती तरी वर्षांनी पडले होते हो!

दुपारचे अडीच-पावणेतीन झाले असतील. सकाळी समुद्रावरून आलेले धुके कधीच विरले होते. दोन्ही बाजूंना तांबूस-करडे डोंगर, मधे सिकॅमोरची आणि ओकची सावली. एका झाडाखाली थांबलो तर वर फांद्यांवर पाने हलताना दिसली. वारा तर नव्हता. सून म्हणाली, “आई, ती फुलपाखरं आहेत.” काळ्या रेघांची नारिंगी मोनार्क फुलपाखरे; हिवाळा काढायला ती या किनाऱ्यावरच्या झाडांवर येतात. आम्ही पाचेक मिनिटे नुसत्या उभ्या होतो. तिने रस्त्याकडेच्या एका झुडपापासून मला लांब ओढले. तीन-तीन पानांचे, लालसर. त्याला पॉयझन ओक म्हणतात. आपला बिब्बा आहे ना, त्याच्याच कुळातले, आणि तसेच अंगावर उतते. चुकून लागले तर लगेच साबणाने धुऊन काढावे, कपडेसुद्धा.

फाटा आला. लाकडी पाटी, आणि डावीकडे वर जाणारी चिंचोळी वाट. सून थांबली. एक पाय जमिनीवर टेकवून वर बघत राहिली.

“तुम्ही एकट्या परत जाल?”

“सरळ रस्ता आहे. चुकायला वाव कुठाय?”

“मला उशीर झाला तर?”

“पाचपर्यंत ये. पाणी आहे ना?”

ती गेली. पहिल्या वळणावर तिचा गिअर करकरला, मग ती दिसेनाशी झाली. मला तेव्हा लक्षात आले की वर एकटे जायला सांगितलेली ही मुलगी या वाटेने आयुष्यात पहिल्यांदाच चालली आहे.

परतीचा रस्ता किंचित उताराचा. पायडल फारसे मारावेच लागले नाही. वाटेत दोन घोडेस्वार आले. तिथला नियम असा की सायकलवाल्याने चालणाऱ्यालाही वाट द्यायची आणि घोड्यालाही. सगळ्यांच्या आधी मान घोड्याचा. मी आपली उतरून, सायकल कडेला धरून उभी राहिले. त्यातल्या बाईंनी टोपीला हात लावला. मी, मिरजेची, साठी उलटलेली, दुसऱ्याची विजार घालून डोंगरात सायकल धरून उभी, आणि मला सलाम! पुढचा मैलभर मी काय म्हणत आले ते सांगत नाही. मोठ्याने म्हणत होते एवढे सांगते.

मुक्कामावर नातू उठून, रडून, गप्प होऊन बापाबरोबर गोटे रचत बसला होता.

पाच वाजले. सव्वापाच. मी चहा केला. साडेपाचला घळीत सावली आली, कारण पश्चिमेची धार उंच आहे. सूर्य मावळायला अजून अर्धा तास असला तरी खाली काळोखी येते. मोबाइलला तिथे रेंज नाही. मुलगा चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आला. शेवटी म्हणाला, “आई, तिला एकटीला कशाला पाठवलंस?”

आता बसल्या बसल्या मला याची चांगली चार उत्तरे सुचतात. तेव्हा एकही सुचले नाही. पोटात गोळा आला होता. मीच पाठवली होती. काही झाले असते तर तिच्या आईला तोंड कसे दाखवले असते? पाठवले यात चूक नव्हती, असे मी आजही म्हणते. पण निघताना दिवा बरोबर दिला नाही, ही चूक. दिवस लहान असताना अडीचला निघालो, ही चूक. नवशिक्या बाईला अनोळखी वाटेवर सोबत नाही, ही तर मोठीच. पुरुष मंडळी सकाळी गेली तेव्हा चौघे होते, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. मुलाने डोक्याला दिवा बांधला, सायकल काढली आणि ओव्हरलुकच्या बाजूने वर निघाला. नातू आता जोरात रडू लागला. मी त्याला कडेवर घेऊन रामरक्षा म्हणत येरझाऱ्या घालत होते.

सहा वाजून गेले आणि फाटकापाशी दिवा हलताना दिसला. दोघे चालत येत होते, सायकली हाताने ढकलत.

पडली-बिडली नव्हती. धारेवर पोचल्यावर मागचे चाक बसले. काटा! सुनेने तो रुमालात बांधून आणला होता. मी ओळखला, गोखरूसारखा दिसत होता. कॅलिफोर्नियातही गोखरू पसरलेले आहे, तेच आपले औषधी गोखरू, आणि सायकलवाल्यांची ती वैरीणच. तिच्या सीटखालच्या पिशवीत नवी ट्यूब होती, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या होत्या, छोटा पंप होता. सगळे होते, पण तिने ते कधी वापरलेले नव्हते. मागचे चाक काढले, बसवले, साखळी उलटी बसली, पुन्हा काढले. ट्यूब बदलली, तर काटा टायरमध्ये तसाच राहिला होता, नवीही गेली. (लक्षात ठेवा, ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून बघायचेच. जपून.) मग ठिगळ लावले. पहिले ठिगळ सुटले, दुसरे धरले. तासाभराच्या वर गेला. तोवर तांबडे फुटल्यासारखे आकाश झाले होते, म्हणून उतारावर ती सायकलवर बसलीच नाही, चालत निघाली. शहाणी पोर. अर्ध्या उतारावर नवरा भेटला.

“अगं, नवी ट्यूब घालायच्या आधी काटा बघायचा असतो,” तो म्हणाला.

“ते तू मला कधी दाखवलं होतंस?”

“तू कधी विचारलंस?”

दोघेही गप्प झाले. मीही काही बोलले नाही. एकदा बोलून बसले होते, तेवढे पुरे होते.

मग तिने नातवाला घेतले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, वरून बेटं दिसली. समुद्रात लांब. चाक काढून बसले होते ना, तेव्हा सगळा वेळ समोर बेटंच होती.” चॅनल आयलंड्स ती. हवा स्वच्छ असली तरच दिसतात. सकाळी पुरुष मंडळींना धुक्यामुळे दिसली नव्हती.

खिचडीला मीठ दुप्पट पडले होते आणि ती खाली लागलीही होती. सुनेने तीनदा घेतली. रविवारी सकाळी तंबू मोडायच्या आधी दोघे नवरा-बायको सायकल उलटी करून बसले, आणि त्याने तिला मागचे चाक काढून, बसवून दाखवले. मग तिने त्याला. मी नातवाला समुद्रावर नेले. त्या दिवशी तंबू कुणीच राखला नाही, आणि काही चोरीला गेले नाही. चिवडा तेवढा खारींनी खाल्ला.

सुनेचे हात मात्र कोपरापर्यंत काळे झाले होते, आणि साबणाने ते काही जाईनात. ही युक्ती तुम्हाला शिवणयंत्राच्या तेलाच्या डागांनाही उपयोगी पडेल. हात कोरडे असतानाच चमचाभर खोबरेल किंवा कोणतेही खायचे तेल चोळावे, काळे सुटू लागले की त्यावर मूठभर साखर घेऊन बोटांच्या बेचक्यांतून रगडावी, फडक्याने पुसून घ्यावे आणि मगच साबण लावावा. आधी पाणी लावले तर काळे पसरते. नखांतले दोन दिवस राहतेच.